म्हैस नव्हती

लोणखेडा
२० मे २०२४

चंदन,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास. आधी मला वाटलं, सुरतला रेंज नसेल. मग भावेशच्या फोनवरून लावला. तू उचललास, "कोण?" म्हणालास, आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवून दिलास. भावेश बाजूलाच बसला होता. तो उठून बाहेर गेला. सख्खा भाऊ बहिणीचा फोन असा कापतो, हे नवऱ्यादेखत झालं की फार लाज वाटते.

म्हणून हे पत्र. तुझा सुरतचा, उधन्याचा पत्ता आपल्या गावच्या सुकलालने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. मीच त्याच्या मागे लागले होते.

यंदा आखाजीला मायने मला बोलावलं नाही. गल्लीतल्या सगळ्याजणी माहेरी गेल्या. शेजारची वहिनी दोनदा विचारून गेली, "तुमी नही गयात माहेरले, प्रकाशाले?" मी म्हटलं, पायामुळे प्रवास झेपत नाही. तिला ते पटलं. पायाचं ठीक चाललंय, काळजी करू नकोस.

मायचा राग मला समजतो. तिला वाटतं, मी पोलिसांत तुझं नाव सांगितलं म्हणून तुला धरलं. तुलाही तेच वाटतं. जामीन झाल्यावर तू दवाखान्यात आलास, दारातूनच पाहिलंस आणि गेलास. मी जागी होते रे. हाक मारणार होते, पण तोंड कोरडं पडलेलं.

मी काय सांगितलं ते तुला दुसऱ्याच्या तोंडून कळलंय, म्हणून आता माझ्याकडून ऐक. हवालदार आले तेव्हा इंजेक्शनची गुंगी होती. त्यांनी विचारलं, ताई, गाडी कशी उलटली? मी म्हटलं, चंदनचे डोळे लागले. बस, एवढंच. पुढे मला शुद्धच राहिली नाही, आणि तेवढंच जबाबात आलं.

पण सांगायचं होतं ते त्याच्या आधीचं. सुरतहून निघायच्या आदल्या रात्रीही तू झोपला नव्हतास, शहाद्याहून गाडी घेऊन आलेलास. मी बाजारातून अस्तराचं कापड आणि लेस घेऊन गाडीपाशी आले, तेव्हा तू टपावर सामान बांधत होतास. दुसरा ड्रायव्हर आलाच नव्हता. होळीसाठी घरी निघालेली धडगावकडची माणसं गाडीभर बसली होती, दारापर्यंत. तू गाडीमालकाला, नवनीतशेठला फोन लावलास. फोन स्पीकरवर होता. तू म्हणालास, "शेठ, मन्हा डोया लागी ऱ्हायनात. थोडाक निजू द्या, मंग निघस." शेठ म्हणाला, "चहा पी आणि निघ. तुला जमत नसेल तर चावी तिथेच ठेव, उद्यापासून येऊ नको."

हे मी ऐकलं, आणि तू ऐकलंस. जवळ तिसरा कोणी नव्हता.

मी केबिनमध्ये तुझ्याजवळ बसले ती तुला बोलतं ठेवायलाच. सकाळी उजाडल्यावर नवापूरच्या पुढे तुझी मान एकदा खाली गेली तेव्हा मी म्हटलं होतं, गाडी बाजूला घे. तू म्हणालास, "नंदुरबारले जाईसन झोपसू." धानोरा सोडल्यावर नाल्याच्या पुलाआधी पुन्हा मान खाली गेली. मी ओरडले. तू स्टिअरिंग फिरवलंस, पण उशीर झाला होता.

मी खोटं काही सांगितलं नाही. अपुरं सांगितलं. ते पुरं करायला तू हवास.

फोन नको तर दोन ओळी लिही.

रोहिणीताई

*

लोणखेडा
११ ऑगस्ट २०२४

चंदन,

आधीचं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. उत्तराची वाट पाहून हे लिहिते आहे.

त्या पत्रात मी पाय ठीक असल्याचं लिहिलं. ते खरं नव्हतं. तू सुरतला गेल्यावर आठवड्यात जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, थांबलो तर जीव जाईल. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. मायने सगळ्यांना शपथ घातली होती की चंदनला कळू द्यायचं नाही, तो जिवाचं बरंवाईट करून घेईल. मीही ऐकलं. पण आता जे लिहायचंय ते पाय आहे असं धरून लिहिता येत नाही.

नंदुरबारच्या कोर्टात विधी सेवा म्हणून ऑफिस आहे. बाईमाणसाला आणि आदिवासींना तिथे सरकारतर्फे वकील मिळतो, फी नाही. मला सीमाताई म्हणून वकील दिल्या आहेत. माझ्याच वयाच्या, धडगावकडच्या. त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं. मी तुला सांगते, कारण यात तुझंही नाव आहे.

तुझ्यावरची पोलीस केस वेगळी आणि भरपाईचा दावा वेगळा. दावा मोटार अपघाताच्या न्यायाधिकरणात चालतो. पैसे तुझ्या खिशातून जायचे नाहीत, गाडीचा विमा आहे. पण दाव्याला दोन वाटा आहेत. पहिलीत चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. अपघात झाला, मोठी दुखापत झाली, एवढं दाखवलं की कायद्याने ठरवून दिलेली रक्कम मिळते आणि विषय संपतो. दुसरीत गेलेला पाय, बुडालेलं काम, पुढचं आयुष्य, सगळं धरून भरपाई ठरते. पण त्यासाठी चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असं लिहावं लागतं आणि ते साक्षीने टिकवावं लागतं. एक घेतली की दुसरी सुटते. आणि अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा. म्हणजे गणपती उठायच्या सुमारास मुदत संपते.

मी लगेच म्हटलं, पहिली. मला भावाविरुद्ध काही लिहायचं नाही.

भावेश तिथेच चिडला. "आणि आयुष्यभर काय करशील? मशीन कसं चालवशील?" सीमाताईंनी त्याला गप्प केलं. म्हणाल्या, निर्णय यांचा आहे.

मग त्यांनी दार उघडून बाहेर बसलेल्या एका बाईला आत बोलावलं. रूपलीबाई. धडगावच्या वरच्या पाड्यावरची. चंदन, तुला आठवत असेल, दारापाशी उभा होता तो उंच माणूस, चैत्या, सारखा हसत होता. त्याची ही बायको. ती मागच्या सीटवर मुलीला घेऊन झोपली होती. चैत्याने बायकोला आणि मुलीला जागा देऊन स्वतः उभं राहणं पसंत केलं, आणि गाडी त्याच बाजूला पडली. त्यातच तो गेला.

तिला पावरी येते, मराठी थोडी. सीमाताई तिच्याशी पावरीत बोलत होत्या. तिने दुसरी वाट धरली आहे. चैत्या कमावणारा होता, ठरावीक रकमेत तिचं आणि मुलीचं भागायचं नाही. पण गाडीतली सगळी माणसं झोपलेली. पुढे काय झालं ते पाहणारी जागी अशी मी एकटी. तुझ्याखेरीज.

ती माझ्याकडे काही मागायला आली नव्हती. नुसती बघत बसली. माझ्या पायाकडे बघितलं, मग पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी नवनीतशेठ घरी आला. फळांची पिशवी घेऊन. म्हणाला, "रोहिणीबेन, म्हैस आडवी आली होती. तुम्ही बेशुद्ध होत्या, तुम्हाला आठवत नसेल. म्हैस आली म्हटलं की चंदन सुटला. नाहीतर पोरगं आत जाईल." मी विचारलं, "शेठ, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" तर म्हणाला, "चंदननेच." सीमाताईंना विचारलं तेव्हा कळलं की त्याला तुझी काळजी नाही. गाडीचं परमिट लग्नाच्या वऱ्हाडाचं, आणि गाडी भरली मजुरांनी. दावा मंजूर झाला तर विमा कंपनी आधी भरेल आणि नंतर शेठकडून वसूल करील. म्हैस आली तर कोणाचीच चूक नाही, कोणालाच काही द्यायचं नाही.

आणि काल माय आली. अपघातानंतर पहिल्यांदा. ओट्यावरच उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "तुन्हा पाय गया. आते मन्हा आंडोर बी लेशी का?"

तिचा मुलगा मी हिरावून घेतेय, असं तिला वाटतं. मी चहा ठेवते म्हटलं. ती निघून गेली.

रात्रभर विचार करून मी ठरवलं आहे. दुसऱ्या वाटेने जाते. पैशाचा मोह आहे असं तुला कोणी सांगेल. थोडा आहेच, खोटं कशाला बोलू? ब्लाउज शिवून मी घर चालवायचे, तुला ठाऊक आहे. पण माझ्या अर्जात कोणाचीच चूक नाही असं राहू द्यायचं आणि रूपलीबाईच्या अर्जात जाऊन तू झोपलास असं सांगायचं, हे मला जमणार नाही. जे झालं ते एकच झालं. शेठचा फोनही मी अर्जात लिहायला लावला आहे. सीमाताई म्हणतात, त्याला दुजोरा देणारा फक्त चंदन आहे.

तू ये. म्हैस होती का नव्हती ते तू सांग.

रोहिणीताई

*

लोणखेडा
१७ जानेवारी २०२५

चंदन,

काल कोर्टात तुझं लेखी म्हणणं दाखल झालं. तुझ्या आणि शेठच्या दोघांच्या वतीने वकील एकच आहे. सीमाताईंनी मला प्रत वाचायला दिली. खाली तुझी सही. शाळेतल्यासारखीच, 'च'ला लांब शेपूट.

त्यात लिहिलंय की समोरून अचानक म्हैस आली, तिला वाचवताना गाडी कलंडली. ते मी धरूनच चालले होते. पण पुढे लिहिलंय, 'अर्जदार ही जाबदेणार क्र. १ याची बहीण असून अपघातसमयी ती गाढ झोपेत होती व तिने काहीएक पाहिलेले नाही. केवळ रकमेच्या लोभाने ती खोटे कथन करीत आहे.'

मी ते वाचून सीमाताईंना परत दिलं. पाणी मागितलं.

हे शब्द तुझे नाहीत, वकिलाचे आहेत, एवढं मला कळतं. 'कथन' हा शब्द तू आयुष्यात बोलला नसशील. पण सही करण्याआधी तू वाचलंस का? वाचलं नसशील तर आता कळलं. वाचलं असशील तर मला एवढंच विचारायचंय, हे माझ्या पायाचं कळल्यानंतर की आधी?

मी झोपले नव्हते, चंदन. मी सबंध वाटेत तुझ्याशी बोलत होते. तुला जाग राहावी म्हणून लहानपणीचं काहीबाही काढत होते. प्रकाशाच्या घाटावर तू पाण्यात पडलास आणि आप्पांनी तुला कानाला धरून वर काढलं, ते सांगितलं. तू हसलास. शेवटचा तू हसलास तो तेव्हा. मी झोपले असते तर तुला हसवलं कोणी?

तुझी अडचण मला दिसते. शेठने तुला उधन्यात खोली दिली, टेम्पोवर काम दिलं, पोलीस केसचा वकीलही तोच देतो. त्याचं मीठ खाऊन त्याच्याविरुद्ध बोलणं अवघड. बोललास तर काम जाईल, आणि स्वतःच्या तोंडाने चूक मान्य केली तर पोलीस केसमध्ये शिक्षेची भीती. मी तुला यात फसवणार नाही. सीमाताईंना मी स्पष्ट विचारलं, तो खरं बोलला तर त्याचं काय होईल? त्या म्हणाल्या, "रोहिणीताई, त्याला त्रास होऊ शकतो. मी नाही म्हणणार नाही. त्याने स्वतःचा वेगळा वकील करावा, तोही विधी सेवेतून मिळेल." नंदुरबारला अर्ज केलास की झालं. शेठचा वकील शेठसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. माझं काहीही ऐकू नकोस, पण एवढं ऐक.

भावेश आता तुझं नाव काढू देत नाही. हे पत्र मी तो कामावर गेल्यावर लिहिते आहे.

ताई

*

लोणखेडा
२२ ऑगस्ट २०२५

चंदन,

माझी साक्ष झाली.

नवा पाय बसवून मिळाला आहे. तो घालून पायऱ्या चढले. भावेश मागून होता, पण हात लावू दिला नाही. वरच्या बाकावर माय बसली होती, शेठच्या माणसांबरोबर. मला पाहून तिने तोंड फिरवलं, पण फिरवण्याआधी पायाकडे पाहिलं. लाकडाचा की प्लास्टिकचा असं काहीतरी मनात आलं असेल तिच्या. मला तिच्याजवळ जाऊन दाखवावंसं वाटलं.

उलटतपासाला आधी विमा कंपनीचे वकील उठले. त्यांनी अपंगत्वाचा दाखला हातात धरून विचारलं, "शिलाई मशीनला मोटर बसवली तर एका पायाने काम करता येतं ना?" मी म्हटलं, "येतं." सीमाताईंच्या कपाळाला आठी पडली. पण येतं तर येतं. पूर्वी दिवसभर बसायचे, आता तासाभरात कंबर धरते, तेही सांगितलं.

मग शेठचा वकील. त्याने आवाज चढवला नाही. गोडीत विचारलं, "ताई, भाऊ तुमचा लाडका होता ना?" "आहे," मी म्हटलं. "मग त्याला तुरुंगात घालून भरपाई घ्यायला तुम्हाला काहीच वाटत नाही?"

न्यायाधीश साहेबांनी वकिलाला हटकलं, असा प्रश्न नको म्हणाले. पण मला उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "वाटतं. रोज वाटतं. पण तो झोपला होता आणि त्याला झोपू दिलं नव्हतं. मी दोन्ही सांगणार. एकच सांगायला तुम्ही लावू नका."

म्हैस कोणत्या बाजूने आली, तिचा रंग काय, असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. मी दर वेळी म्हटलं, म्हैस नव्हती.

बाहेर आले तर रूपलीबाई तिथे मुलीला घेऊन उभी होती. मुलगी आता चालते. रूपलीबाईने माझी पिशवी घेतली आणि रिक्षापर्यंत आली.

पुढच्या महिन्यात शेठतर्फे तुझी साक्ष ठेवली आहे. तुला समन्स मिळालं असेल. मी त्या दिवशी येणार आहे. तू जे बोलायचं ते बोल, मी मधे येणार नाही. तुझ्याकडे बघणारही नाही, तुला जड जाईल म्हणून.

ताई

*

लोणखेडा
२९ सप्टेंबर २०२५

चंदन,

तू निघून गेलास, पाठोपाठ येण्याइतकं मला चालता येत नाही. म्हणून लिहिते.

मी बघणार नाही म्हटलं होतं. पण तू आत आलास आणि मी बघितलं. किती वाळला आहेस रे. शर्ट अंगावर लोंबत होता.

शेठच्या वकिलाने तुझं शपथपत्र पुढे केलं, तू हो म्हणालास. मी खाली बघत राहिले. मग सीमाताई उठल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची बहीण गाडीत झोपली होती?"

उत्तरासाठी साहेबांनी मान वर केली. शेठ मागच्या बाकावर खाकरला.

मग तू म्हणालास, "नही साहेब. ती जागी व्हती. मन्हासंगे बोली ऱ्हायनी व्हती."

"आणि म्हैस?"

"म्हैस नव्हती. मन्हा डोया लागी गयथात. मी शेठले सांगं व्हतं, माले निजू द्या. त्यासनी सांगं, चावी ठेव नि जाय."

शेठचा वकील उठून म्हणाला, साक्षीदार फितूर झाला. साहेबांनी त्याला बसवलं. साहेब तुला म्हणाले, "तुम्ही जे बोलताय त्याचा परिणाम कळतो ना? तुमच्यावर फौजदारी केस आहे. असं उत्तर द्यायची सक्ती नाही." तू म्हणालास, कळतं. आणि लिहून घेणाऱ्या बाईला सावकाश मराठीत पुन्हा सांगितलंस, तिला अहिराणी समजत नव्हती म्हणून.

मायने तोंडाला पदर लावला. ती रडत होती की रागावली होती ते मला अजून कळलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तू खांबाजवळ उभा होतास, आणि रूपलीबाई सरळ तुझ्यासमोर गेली. मला वाटलं आता ती तुला मारेल. मारलं असतं तरी कोणी अडवलं नसतं. तिने विचारलं, "माझा माणूस लगेच मेला?"

तू म्हणालास, नाही. तुम्ही दोघं काय बोललात ते मला तुटक ऐकू आलं. तू त्याला दारातून ओढून काढलंस, डोकं मांडीवर घेतलंस, त्याने मुलगी कुठेय विचारलं, तू म्हणालास सुखरूप आहे. धानोऱ्याची माणसं धावत आली तरी तू तसाच बसून होतास. तिथूनच तुला धरलं. हे मला माहीत नव्हतं. मी गाडीत अडकले होते आणि तुला हाका मारत होते. तू का येत नाहीस म्हणून मनातल्या मनात तुला शिव्याही दिल्या होत्या.

एवढं सांगून तू खाली मान घालून जिना उतरलास. पण त्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगायला हे पत्र. रूपलीबाई भिंतीला टेकली. मग सीमाताईंना पावरीत काहीतरी म्हणाली. सीमाताईंनी मला सांगितलं. ती म्हणाली, "मी शुद्धीवर आले तेव्हा तो गेलेला. दीड वर्ष मला वाटत होतं तो एकटा मेला. कोणी सांगितलं नाही की कोणी जवळ होतं."

तिने तुला माफ केलं असं मी म्हणत नाही. तसं ती काही बोलली नाही. बोलली तेवढंच लिहिते.

तुझी खोली आणि टेम्पो गेला असेल. कुठे आहेस? हे पत्र सुकलालच्या पत्त्यावर टाकते आहे.

ताई

*

लोणखेडा
१५ फेब्रुवारी २०२६

चंदन,

तुझं कार्ड मिळालं. 'मी बारडोलीले ऊसना ट्रक चालवी ऱ्हायनू. दिवसाच चालवस. जेवण बरं शे.' पाच वेळा वाचलं. भावेशला दाखवलं. तो म्हणाला, "दिवसाच चालवतो ना? बरं झालं." तुझं नाव त्याने वर्षभरात पहिल्यांदा ऐकून घेतलं.

निकाल लागला. दोन्ही दावे मंजूर. साहेबांनी लिहिलंय की चालक झोपला ही चूक आहेच, पण झोप मागणाऱ्याला गाडीवर बसवणाऱ्या मालकाची चूक त्याहून कमी नाही. विमा कंपनीने आधी आम्हा दोघींना द्यायचं आणि परमिट मोडलं म्हणून ते शेठकडून वसूल करायचं. शेठ वर अपील करणार म्हणतो. करू दे. रूपलीबाईच्या मुलीच्या नावावर काही रक्कम बँकेत ठेवायला सांगितली आहे, ती मोठी होईपर्यंत. निकालाच्या दिवशी रूपलीबाई आली नव्हती. सीमाताईंनी पाड्यावर निरोप पाठवला. होळीची तयारी चालली होती म्हणे. ती म्हणाली, येईन होळी झाल्यावर.

मला आनंद व्हायला हवा होता. मी घरी येऊन नुसती बसून राहिले.

माय अजून माझ्याकडे येत नाही. पण परवा सुकलालबरोबर पपई पाठवली. निरोप काही नव्हता. मी अर्धी कापली, अर्धी तशीच ठेवली.

आता जे लिहायचं त्यासाठी मघापासून हात थांबतोय. काल शिपाई येऊन समन्स देऊन गेला. तुझी पोलीस केस नंदुरबारला उभी राहतेय, एप्रिलात. सरकारतर्फे पहिली साक्षीदार मी. भरपाईत निदान पैसे विमा कंपनीचे होते. इथे समोर फक्त तू आहेस. त्यांनी विचारलं, डोळे लागले होते का, तर मी हो म्हणणार. दुसरं काही मला बोलता यायचं नाही, आणि तुलाही आता ते नको असेल. शेठचा फोनही सांगेन. त्याने तुझी शिक्षा किती हलकी होईल ते सीमाताई सांगू शकत नाहीत.

सीमाताई म्हणाल्या, तुला विधी सेवेतून वकील मिळालाय. त्यांना आधी भेट. गुन्हा कबूल करायचा की केस लढवायची ते त्यांच्याशी बोलून तू ठरव. माझ्यासाठी काही ठरवू नकोस.

मी भावेशशी बोलले. आदल्या दिवशी तू इथे ये. मायला मी काही सांगणार नाही, तिला यायचं तर ती येईल. सकाळी आपण तिघं एकाच रिक्षातून जाऊ. कोर्टात मला तुझ्याविरुद्ध उभं राहावं लागेल. पण तिथपर्यंत तू एकटा येऊ नकोस.

तुझी,
रोहिणीताई